गाठ दीड सेंटिमीटरचीही नाही, तरी काखेपर्यंत पोचली कशी? ग्रोथ फॅक्टरचा यात नक्की काय हात?

केळीपट्टा_रावेर

नमस्कार. मी जळगावला एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर रावेर तालुक्यात. मागच्या महिन्यात माझ्या मावशीच्या डाव्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ १.४ सेंटिमीटरची होती. लहान आहे, वेळेत सापडली म्हणून आम्ही सगळे निश्चिंत होतो. मग रिपोर्ट आला आणि काखेतल्या दोन गाठींमध्ये (लिम्फ नोडमध्ये) कॅन्सरच्या पेशी निघाल्या. इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा (दुधाच्या नलिकेतून आसपास घुसलेला कॅन्सर), ग्रेड ३, ईआर-पीआर (हार्मोनचा निरोप घेणारे रिसेप्टर) निगेटिव्ह, आणि हर-२ या पेशीवरच्या आणखी एका रिसेप्टरच्या पुढे नुसतं '२+' लिहिलंय. घरात विज्ञान शिकलेली मीच, त्यामुळे मामापासून आजीपर्यंत सगळे मलाच विचारतात, आणि मला धड सांगता येत नाही.

अडतंय ते इथे. वर्गात ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशीला वाढीचा निरोप देणारी प्रथिनं, शिकलो तेव्हा सगळा भर पेशीविभाजनावर होता. ईजीएफ हा त्यातलाच एक ग्रोथ फॅक्टर पेशीवरच्या त्याच्या रिसेप्टरला चिकटला, पुढे रास, रॅफ, मेक, अर्क या प्रथिनांची साखळी, आणि पेशी विभाजनाला लागली. हे पाठ आहे. पण विभाजन होत राहिलं तर गाठ मोठी व्हायला पाहिजे ना? मावशीची गाठ मोठी झालीच नाही, पेशी मात्र बाहेर पडल्या. उलट आमच्या शेजारच्या गावातल्या एका काकूंची गाठ पाच सेंटिमीटरच्या वर होती आणि त्यांच्या काखेत काहीच निघालं नाही. वाढीचा निरोप देणारं रेणू पेशीला जागा सोडायला कसं लावतं? आणि २+ म्हणजे काय समजायचं?

प्राणिशास्त्र_अमळनेर

थोडक्यात सांगतो. याला ईएमटी म्हणतात, म्हणजे चिकटून बसलेल्या पेशीने सुटं, चालतं रूप घेणं. स्तनाच्या नलिकेतल्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. टीजीएफ-बीटा या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचा निरोप आला की स्नेल, स्लग, ट्विस्ट, झेब ही नियंत्रक प्रथिनं कामाला लागतात आणि ई-कॅडहेरिनचं जनुक दाबून टाकतात. व्हायमेंटिन वाढतं, पेशी लांबट होते, सुटी होते आणि चालायला लागते. मी पदवीच्या मुलांना एवढंच शिकवतो. रिपोर्टचं जाणकारच सांगतील. मावशींना लवकर बरं वाटो.

भिंगवाली_धुळे

मी धुळ्यात पॅथॉलॉजिस्ट आहे, माहेर शिरपूरचं. स्तनाच्या गाठींच्या स्लाइड बघणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सरांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण तुझा प्रश्न त्याच्या आधीच्या पायरीवर अडलाय.

पेशीने वाढणं आणि पेशीने घुसणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आधी पक्कं धर. ग्रोथ फॅक्टर दोन्हींचे हुकूम सोडू शकतो. त्यातलं कोणतं किती होईल हे पेशीच्या आत काय बिघडलंय आणि तिच्या शेजारी कोण बसलंय यावर ठरतं. १९८० च्या दशकात एका बाजूला यकृताच्या पेशी वाढवणारं एक प्रथिन सापडलं, हिपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर. दुसऱ्या बाजूला, त्याचा काही संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत, चिकटून बसलेल्या पेशींचा घोळका विस्कटून टाकणारं एक प्रथिन सापडलं, त्याला स्कॅटर फॅक्टर म्हटलं गेलं. पुढे दोन्ही तपासली तर एकच निघाली! एकच रेणू, मेट नावाचा एकच रिसेप्टर, आणि कामं दोन. तुझ्या पाठ्यपुस्तकाने त्यातलं पहिलंच सांगितलंय.

आता आतलं बघू. ईजीएफ रिसेप्टरला चिकटला की दोन रिसेप्टर जोडीने येतात आणि एकमेकांच्या शेपटीवरच्या टायरोसीनवर फॉस्फेट बसवतात. त्या शेपटीवर बऱ्याच प्रथिनांना बसायला जागा असते. ग्रब-२ बसलं की रास-अर्कची वाट सुरू होते, ती तुला येते. त्याच शेपटीवर फॉस्फोलायपेज-सी-गॅमा बसतं आणि पेशीपटलाच्या आतल्या बाजूचं पीआयपी-२ नावाचं स्निग्ध कापतं. त्या स्निग्धाने कोफिलिन या प्रथिनाला बांधून ठेवलेलं असतं. ते सुटतं, पेशीला आकार देणारे ॲक्टिनचे धागे तोडतं, तुटलेल्या टोकांवर नवीन धागे उगवतात आणि पेशीची कड ईजीएफच्या दिशेने पुढे सरकते. यातलं पहिलं पाऊल मिनिटाभरात पडतं. पेशी विभाजनाला कित्येक तास लागतात, हे लक्षात घे. तिसरी वाट पीआय३-कायनेजची. तिच्यामुळे रॅक नावाचं प्रथिन जागं होतं आणि पेशीची पुढची कड पंख्यासारखी पसरते. चौथी सार्क आणि कॉर्टॅक्टिनची. ती पेशीच्या पोटाखाली बारीक टोकं काढते, इन्व्हाडोपोडिया. त्या टोकांवर एमटी-१-एमएमपी नावाचं विकर असतं आणि ते समोरचं कोलॅजन कापतं. विभाजन एकदाही न होता हे सगळं होऊ शकतं.

पण एवढं झालं म्हणजे पेशी बाहेर पडलीच असंही नाही, आणि मला वाटतं खरी समजून घेण्याची जागा ही आहे. माझ्याकडे डीसीआयएसच्या, म्हणजे नलिकेतच राहिलेल्या कॅन्सरच्या, स्लाइड येतात. त्यात कॅन्सरच्या पेशींनी दुधाची नलिका गच्च भरलेली असते, हर-२ च्या डागाने प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी कडं उमटलेलं असतं, आणि तरी एकही पेशी नलिकेबाहेर नसते. शेजारच्या स्लाइडवर पी-६३ चा डाग टाकला की नलिकेच्या कडेने तिला बाहेरून वेढणाऱ्या मायोएपिथेलियल पेशींची तपकिरी केंद्रकं एका रांगेत दिसतात, जागोजागी अंतर सोडून, पण रांग मोडलेली नाही. त्यांच्या बाहेर बेसमेंट मेंब्रेन नावाचा पातळ पडदा. ही रांग शाबूत असेल तर मी 'इन्व्हेजिव्ह' हा शब्द लिहीत नाही. ती जिथे तुटते आणि पेशींचा एखादा दोरा शेजारच्या गुलाबी कोलॅजनमध्ये उतरतो तिथे निदान बदलतं, गाठ केवढीही असो. म्हणजे वाढीचा हुकूम भरपूर आहे, पण घुसणं नाही, अशी अवस्था खरोखर असते. तुमच्या शेजारच्या गावातल्या काकूंचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, पण मोठी गाठ आणि स्वच्छ काख हे चित्र आम्हाला अनोळखी नाही.

मग पारडं झुकवतं कोण? याचा एक देखणा प्रयोग आहे. हार्वर्डमध्ये जोन ब्रुगे यांच्या प्रयोगशाळेत एमसीएफ-१०ए या कॅन्सर नसलेल्या स्तनपेशी मॅट्रिजेलमध्ये, म्हणजे पेशींभोवतालच्या जाळीसारख्या जेलमध्ये, वाढवल्या जात. तिथे त्या छोटे, गोल, आतून पोकळ गोळे बनवतात, अगदी खऱ्या ग्रंथीसारखे. त्यांच्यात हर-२ चेतवला की पोकळी पेशींनी भरते आणि गोळे बेढब होतात, पण पेशी बाहेर पडत नाहीत. म्हणजे जवळजवळ डीसीआयएसच. मग २००४ मध्ये त्याच प्रयोगशाळेने हर-२ च्या जोडीला टीजीएफ-बीटा दिला, आणि पेशी आजूबाजूच्या जेलमध्ये शिरल्या. एकट्या हर-२ ने हे झालं नव्हतं, दोन निरोप एकत्र आल्यावर झालं.

सरांनी टीजीएफ-बीटाचं नाव घेतलंच आहे. त्याबद्दल एक जोडायचंय, कारण मुलं इथे हमखास गोंधळतात. निरोगी स्तनपेशीला टीजीएफ-बीटा वाढू देत नाही, तो ब्रेक आहे. कॅन्सरच्या पेशीत ब्रेकची बाजू निकामी होते, पण ई-कॅडहेरिन कमी करणारी आणि पेशीला हलवणारी बाजू शाबूत राहते. म्हणून तोच रेणू आधी राखणदार असतो आणि नंतर पेशीला वाट काढून देतो. आणि सर, एक नम्र भर घालते: इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमाच्या बऱ्याच स्लाइडवर ई-कॅडहेरिन मला चांगलं दिसतं, आणि पेशी घोळक्याने घुसलेल्या असतात. पूर्ण ईएमटी न होताही घुसता येतं. मुलांना तेवढं जरूर सांगा.

शेजाऱ्यांबद्दल. गाठीत कॅन्सरच्या पेशींबरोबर मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीही असतात. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये जॉन काँडीलिस आणि जेफ्री पोलार्ड यांच्या गटांनी जिवंत उंदरांच्या स्तनगाठींमध्ये सूक्ष्मदर्शकाने हे पाहिलं: कॅन्सरची पेशी सीएसएफ-१ हा ग्रोथ फॅक्टर सोडते, त्याने मॅक्रोफेज ओढला जातो. मॅक्रोफेज ईजीएफ सोडतो, त्याने कॅन्सरची पेशी ओढली जाते. दोघं एकमेकांच्या मागे कोलॅजनच्या धाग्यावरून रक्तवाहिनीपर्यंत जातात. दोघांपैकी एकाचा रिसेप्टर बंद केला तर दोघंही थांबतात. म्हणून नुसता गाठीचा घेर मोजून आतलं कळत नाही. दीड सेंटिमीटरच्या आतही वाट काढायला लागणारं सगळं सामान असू शकतं.

आता हर-२ आणि तुझं २+. हर-२ हा ईजीएफच्या रिसेप्टरचा भाऊबंद, पण त्याला चिकटणारा स्वतःचा असा ग्रोथ फॅक्टर नाही. तो सदैव जोडीला तयार असतो. त्याचं जनुक १७ व्या गुणसूत्रावर असतं. काही गाठींमध्ये त्याच्या प्रती खूप वाढतात, पेशीपटलावर रिसेप्टरची गर्दी होते आणि बाहेरून कोणी न सांगताही निरोप सुरू राहतो. हर-३ या दुसऱ्या भाऊबंदाबरोबर त्याची जोडी जमली की पीआय३-कायनेजची वाट सगळ्यात जोरात चालते. १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन यांनी दाखवलं की ज्यांच्या गाठीत हर-२ च्या प्रती वाढलेल्या असतात त्यांचा आजार लवकर उलटतो. त्याच रिसेप्टरवर बसणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि या रुग्णांचं भवितव्य त्याने खरंच बदललं. आता भारतातही ते बनतं.

रिपोर्टवर ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ म्हणजे डागावरून ठरवता येत नाही. हे निगेटिव्ह नाही. गाठीचा तुकडा बसवलेल्या त्याच मेणाच्या ब्लॉकवर फिश तपासणी करायची असते, तिच्यात जनुकाच्या प्रती मोजतात. तुझ्या मावशींच्या रिपोर्टवर पुढची तपासणी सुचवली आहे का, ते शेवटच्या ओळीत बघ. नसेल तर डॉक्टरांना विचारा. आणि हे लांबवू नका, कारण कुठलं औषध चालू करायचं ते यावर ठरतं.

आपल्या भागाबद्दल एक सांगायलाच हवं. काढलेली गाठ तासाभराच्या आत दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे आणि त्यात सहा ते बहात्तर तास राहिली पाहिजे. आमच्याकडे एकदा एका दवाखान्यातून मे महिन्यातल्या उन्हात, एसटीने, सलाइनमध्ये बुडवलेली गाठ आली होती. कडा पार मऊ पडल्या होत्या आणि हर-२ चा डाग वाचण्यासारखा राहिलाच नाही. त्या बाईंची पुन्हा सुई टोचून तपासणी करावी लागली. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा बाटलीत काय आहे, किती आहे आणि गाठ कधी टाकली, हे नातेवाइकांनी विचारलं तर कोणी रागावू नये. विचाराच.

केळीपट्टा_रावेर

मॅडम, खूप खूप आभार. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात 'फिश करावे' असं लिहिलेलं आहे. आम्ही कोणी वाचलंच नव्हतं. मामा उद्याच जातोय.

दोन गोष्टी विचारते. वडील विचारतात, काखेत गेलं म्हणजे आता हाडात जाणारच का? आणि माझ्या डिझर्टेशनला हाच विषय घ्यावा असं मनात आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या एमडीए-एमबी-२३१ या स्तनकॅन्सरच्या पेशींवर जेफिटिनिब हे औषध देऊन ईजीएफ रिसेप्टर बंद केला की इन्व्हेजन, म्हणजे घुसणं, थांबतं, असं दाखवता येईल का?

शहाद्याचा_पुण्यात

प्रयोगाचं मी सांगतो, पुण्यात याच कामावर पीएच.डी. करतोय. ताई, २३१ घेऊ नका. म्हणजे घ्या, पण या प्रश्नासाठी नको. त्या पेशींमध्ये के-रास आणि बी-रॅफ दोन्ही बदललेले आहेत. वरचा रिसेप्टर बंद केला तरी खालची वाट आपोआप चालूच असते. जेफिटिनिबचा परिणाम अर्धवट दिसेल आणि त्याचा अर्थ लावताना दमछाक होईल. ईजीएफ रिसेप्टरच हवा असेल तर एमडीए-एमबी-४६८ घ्या, त्यात तो भरपूर असतो. हर-२ साठी एसके-बीआर-३ किंवा बीटी-४७४. एमसीएफ-७ ची एक ताटली शेजारी ठेवा, ती फारशी घुसत नाही, तुलनेला बरी पडते. पेशी पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सकडून मागवता येतात, गाइडच्या सहीने अर्ज करायचा.

पद्धत ट्रान्सवेलचीच, म्हणजे पेशी छिद्रांच्या पडद्यातून खाली किती जातात ते मोजायचं. ८ मायक्रॉनच्या छिद्रांचं इन्सर्ट, वर मॅट्रिजेलचा पातळ थर. मॅट्रिजेल रात्रभर ४ अंशांवर वितळवा, टिप आणि इन्सर्टसुद्धा गार करून घ्या, बर्फावरून हलवू नका. आपल्या उन्हाळ्यात टिपमध्येच गोठून बसतं आणि थर ओबडधोबड होतो. पेशी आदल्या दिवशी सीरमविना ठेवा. वर सीरम नाही, खाली ईजीएफ. २० ते २४ तासांनी वरच्या बाजूच्या पेशी कापसाच्या बोळ्याने पुसून टाका, खालच्या स्थिर करून क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा आणि मोजा.

मॅडमनी सांगितलेला फरक परीक्षक इथेच विचारणार: खाली जास्त पेशी दिसल्या त्या घुसल्या म्हणून, की वाढल्या म्हणून? त्यासाठी तितक्याच तासांची एमटीटी (जिवंत पेशी किती ते सांगणारी चाचणी) शेजारी करा, आणि मॅट्रिजेल नसलेलं इन्सर्टही लावा. त्यातून नुसतं चालणं किती आणि खणून जाणं किती हे वेगळं कळतं. जमल्यास मेक बंद करणारं यू-०१२६ आणि पीआय३-कायनेज बंद करणारं एलवाय-२९४००२ वेगवेगळं देऊन बघा. कोणती वाट घुसण्याची आणि कोणती वाढीची, हे तुमच्याच आकड्यांत दिसेल. तेवढ्यावर डिझर्टेशन होतं.

आणि ४६८ किंवा २३१ एल-१५ माध्यमात वाढवणार असाल तर ते कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवू नका. हवेवर चालणारं माध्यम आहे ते. पिवळं पडतं आणि पेशी रुसतात.

भिंगवाली_धुळे

वडिलांना सांग, जाणारच असं मुळीच नाही. काखेत पेशी सापडल्या म्हणजे धोका वाढला, म्हणूनच ऑपरेशननंतर औषधं देतात, कुठे चुकार पेशी असतील तर त्या मराव्यात म्हणून.

हाडाचं विचारलं म्हणून सांगते. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि लिहिलं की बी चहूकडे उडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. केळी लावणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. तापीकाठच्या काळ्या जमिनीत खोड कसं धरतं आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड रानात काय होतं हे तुझ्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. हाड ही अशी मानवणारी जागा असते, कारण त्याच्या घडणीतच टीजीएफ-बीटा साठवलेला असतो. तिथे पोचलेली कॅन्सरची पेशी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडते, त्याने हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी वाढतात, हाड विरघळलं की साठलेला टीजीएफ-बीटा मोकळा होतो, आणि तो कॅन्सरच्या पेशीला आणखी पीटीएचआरपी सोडायला लावतो. हे चक्र तोडणारी औषधंही आहेत, हाड झिजू न देणारी. पण मावशींच्या बाबतीत आज तो विषयच नाही. उगीच घरात बोलू नका.

नगाव_बारी

मी पेशंट आहे, सहा वर्षं झाली. माझंही हर-२ पॉझिटिव्ह होतं. एवढी शास्त्राची माहिती पहिल्यांदाच मराठीत वाचली, डोळ्यांत पाणी आलं. माझी गाठ बोराएवढीसुद्धा नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "काही दुखत नही, मंग कसाले जाऊ दवाखानामा?" आणि मीही तेच धरून बसले असते, पण नणंदेने नेलं. बायांनो, दुखायची वाट बघू नका. ताई, मावशीला सांग, केस परत येतात. माझे आले.

केळीपट्टा_रावेर

सगळ्यांना कळवायचं होतं. फिशचा रिपोर्ट आला, जनुकाच्या प्रती वाढलेल्या आहेत, हर-२ पॉझिटिव्ह. ऑन्कॉलॉजिस्टनी केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब सांगितलंय, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. फुले योजनेचे कागद मामा जमवतोय. औषध सुरू करण्याआधी हृदयाची टूडी इको करायला सांगितलीय. मावशीला हृदयाचा काही त्रास नाही, मग ती कशासाठी?

भिंगवाली_धुळे

चांगलं झालं, वेळेत कळलं. हृदयाच्या स्नायूपेशींनाही हर-२ चा निरोप लागतो, हर-४ च्या जोडीने. औषध तोही अडवतं, त्यामुळे काहींच्या हृदयाची पंपिंगची ताकद कमी होते. बहुतेकांची औषध थांबवल्यावर सुधारते. म्हणून आधी एकदा आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी इको करून इजेक्शन फ्रॅक्शनचा, म्हणजे पंपिंगच्या ताकदीचा, आकडा बघतात. पहिला आकडा फाइलमध्ये नीट लावून ठेवा, पुढचे सगळे त्याच्याशीच ताडून पाहतात. दम लागला, पायावर सूज आली किंवा रात्री सपाट झोपता येईना, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.